मंडळी, पाणी आणि पंगत : ‘स्मृतिचित्रां’तील सोबतीचा विचार

मराठी ख्रिस्ती समाजाने आपल्या उपासकसमूहासाठी जो शब्द स्वीकारला तो ‘मंडळी’ होय. नव्या करारातील ‘एक्क्लेसिया’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ हाक देऊन एकत्र आणलेला समुदाय असा आहे. त्यासाठी सभा, संघ, समाज असे भारदस्त पर्याय मराठीत उपलब्ध होते. रूढ झाला तो मात्र घरगुती वळणाचा शब्द. मराठीत मंडळी म्हणजे जमलेली माणसे, मंडळी म्हणजे घरातली माणसे. पाने मांडून झाली की पंक्तीला बसते तीही मंडळीच. आणि जुन्या पिढीतील गृहस्थाला पत्नीचा उल्लेख करावयाचा झाला तर नाव न उच्चारता तो ‘आमची मंडळी’ असे म्हणून मोकळा होई. देवाने बोलावलेला समुदाय, घर, पंगत आणि पत्नी या चारही गोष्टी ज्या भाषेत एकाच शब्दाने सांगता येतात, त्या भाषेत नारायण वामन टिळक या कवीने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ताच्या मंडळीत त्यांचा प्रवेश झाला आणि त्याच दिवशी घरची मंडळी त्यांना दुरावली. लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाचा खरा विषय या दुहेरी घटनेत आहे.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्याचा उगम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. देवदत्त टिळकांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते आणि त्या चरित्राची सामग्री म्हणून त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. म्हणजे हे लेखन आरंभी दुसऱ्याच्या चरित्राची पुरवणी होते. पुरवणीनेच मूळ ग्रंथाची जागा घेतली, हे आता सर्वविदित आहे. ग्रंथाचे भाग्यही मोठे. जोसेफिन इंकस्टर यांचे इंग्रजी भाषांतर १९५० मध्ये व शांता गोखले यांचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. अशोक देवदत्त टिळकांनी साक्षेपाने संपादिलेली आवृत्ती अभ्यासकांना उपलब्ध आहे.

तथापि या ग्रंथाविषयी जे लिहिले गेले आहे, त्याचा बराचसा भाग दोन ठरीव वाटांनी जातो. एक वाट निर्मळ विनोदाची, प्रांजळपणाची, अकृत्रिम शैलीची प्रशंसा करणारी. तीत धर्मांतर ही संसारातील अनेक आपत्तींपैकी एक आपत्ती ठरते. लेखिकेने तिला हसतमुखाने तोंड दिले, एवढे म्हणून ती वाट संपते. दुसरी वाट श्रद्धावंतांची. तीत हा ग्रंथ साक्षीच्या परंपरेत बसविला जातो, म्हणजे अंधारातून प्रकाशाकडे झालेल्या प्रवासाचे निवेदन म्हणून वाचला जातो. पहिल्या वाचनात ख्रिस्त उरत नाही, दुसऱ्यात संसार उरत नाही. वस्तुतः ग्रंथाचे वैशिष्ट्य असे की, त्यातील ख्रिस्ती आशय संसाराच्या बाहेर कोठेही सापडत नाही. माणसाला माणसाची सोबत कशामुळे लाभते, मताच्या ऐक्यामुळे की त्याच्याही आधी, या प्रश्नाचे उत्तर लक्ष्मीबाई देतात. आणि ते त्यांनी सिद्धान्ताच्या भाषेत न देता पाण्याच्या हंड्याच्या आणि जेवणाच्या पानाच्या भाषेत दिले आहे.

हे उत्तर ख्रिस्ती परंपरेशी कितपत जुळते हे पाहण्यासाठी प्रथम त्या परंपरेकडे वळले पाहिजे. उत्पत्तीच्या पुस्तकात सृष्टी निर्माण होत असताना प्रत्येक गोष्ट चांगली असल्याचा निर्वाळा दिला जातो. जे चांगले नाही असे देव प्रथम म्हणतो, ते मनुष्याचे एकटेपण होय. हा उल्लेख पहिल्या पापाच्या कथेपूर्वी येतो याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. एकटेपणाचे दुःख हे पतनाचे फळ नव्हे. निष्पाप मनुष्यालाही ते होते, आणि प्रत्यक्ष ईश्वराच्या सान्निध्यातही होते. देव असला की माणूस नसला तरी चालेल, ही विरागी वृत्तीला प्रिय असलेली भूमिका या कथेत बसत नाही. गेथशेमाने बागेतील प्रसंगाचे मर्मही हेच आहे. मृत्यूच्या आदल्या रात्री येशू पित्याची प्रार्थना करण्यासाठी एकांतात जातो, परंतु जाताना तिघा शिष्यांना बरोबर नेतो आणि जागे राहण्याची विनंती करतो. शिष्य झोपतात. उपदेश नको, मदत नको, केवळ जवळ कोणी जागे असावे, इतकी साधी ती मागणी; आणि तीही पुरी होत नाही.

जुन्या करारातील रूथची कथा या विषयाला अधिक जवळची आहे. मवाबी कुळातली ही विधवा सून आपल्या इस्राएली सासूला सोडून माहेरी जाण्याचे नाकारते. तिची प्रतिज्ञा विवाहविधींतून इतक्यांदा ऐकू येते की तिच्यातील क्रमाकडे सहसा कोणाचे ध्यान जात नाही. सासू जाईल तेथे आपण जाऊ, राहील तेथे राहू, असे ती प्रथम म्हणते. मग सासूचे लोक पत्करते. आणि त्यानंतर सासूचा देव. म्हणजे रस्ता आधी, घर त्यानंतर, मग माणसे आणि शेवटी दैवत. रूथ नामीच्या देवाची परीक्षा करून नामीकडे आलेली नाही. नामीला सोडवेना म्हणून ती त्या देवापर्यंत पोहोचली.

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाने हा क्रम नेहमीच मानला असे म्हणता येत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या आरंभी नवख्रिस्ती ब्राह्मण पुराणाची मागणी करतो असे दाखविले आहे: जुनी पुराणे बंद झाली, तेव्हा मने रमतील असे नवे पुराण द्यावे. ती केवळ करमणुकीची मागणी नव्हती. चार माणसे एकत्र बसून जी कथा ऐकत ती कथा गेली की ते एकत्र बसणेही जाते, ही जाणीव तिच्यामागे आहे. गोव्याच्या ख्रिस्तमंदिरांतून हे पुराण पुढे वाचले जाऊ लागले, ते या गरजेपोटीच. एकोणिसाव्या शतकात मात्र भर बदलला. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीत यमुना व विनायक हे दांपत्य एकविचाराचे आहे. त्यांचे सख्य समान श्रद्धेवर उभे आहे आणि म्हणूनच त्या सख्याची कसोटी लागत नाही. कसोटी लागते ती बाहेरच्या समाजाशी. पदमनजींच्या ‘अरुणोदय’ (१८८८) या आत्मचरित्राचा कणा सत्यशोध हा आहे. त्यात येणारी माणसे शोधाच्या मार्गावरील टप्प्यांसारखी येतात व मागे पडतात. ग्रंथ प्रामाणिक आहे, त्यातील मानसिक आंदोलनाचे चित्रण आजही वाचनीय आहे. परंतु जो मागे राहिला त्याचे काय झाले हा प्रश्न ‘अरुणोदया’च्या रचनेत मध्यभागी येऊ शकत नाही. धर्मांतर करणाऱ्याने स्वतः लिहिलेल्या कथेत तो सहसा येत नाहीच.

‘स्मृतिचित्रे’ हे मागे राहिलेल्या माणसाने लिहिलेले पुस्तक आहे, आणि येथेच त्याचे वेगळेपण सुरू होते.

टिळकांच्या धर्मांतराच्या हकीकतीतील एक तपशील प्रसिद्ध आहे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका अपरिचित युरोपियन गृहस्थाशी त्यांचे संभाषण झाले. त्याने त्यांना बायबलची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना त्या गृहस्थाचे नाव पुढेही कधी कळले नाही. क्षणिक सहवासाने आयुष्य पालटल्याचे हे उदाहरण चरित्रकारांना मोहविते यात नवल नाही, जे. सी. विन्स्लो यांच्या १९२३ मधील इंग्रजी चरित्रापासून ते सांगितले जात आले आहे. परंतु त्याला एक दुसरी बाजू आहे. काही तासांच्या सहप्रवाशाला जे कळले, ते अनेक वर्षांच्या सहचारिणीला कळले नव्हते. टिळकांच्या मनात चाललेल्या उलथापालथीचा पत्ता लक्ष्मीबाईंना पुरतेपणी लागला तो बाप्तिस्मा होऊन गेल्यावर. एका छपराखाली राहूनही सोबत नसते आणि एका डब्यात बसून ती घडून जाते, हे सत्य ग्रंथात कोठेही बोलून दाखविलेले नाही. दोन्ही हकीकती लेखिका सारख्याच सरळपणे सांगते आणि वाचकाला मध्ये सोडून पुढे जाते.

ताटातुटीची वर्षे ग्रंथाच्या सर्वांत समृद्ध भागांपैकी आहेत. नवऱ्याने धर्म सोडलेली स्त्री ना सधवा ना विधवा. तिच्यासाठी समाजाजवळ ठरलेली जागा नव्हती. या काळात भिकूताई या वडील बहिणीने तिला सांभाळले. ख्रिस्ती वाचनाने भिकूताईंच्या वाट्याला अडथळ्याची भूमिका यावी, कारण त्यांच्या दृष्टीने टिळकांकडे जाणे म्हणजे बुडणे. लक्ष्मीबाई असे होऊ देत नाहीत. बहिणीची माया आणि बहिणीचा विरोध ही एकाच मूळाची दोन पाने आहेत, हे त्या जाणतात. दुसरीकडे पतिपत्नींमध्ये पत्रे आणि कविता यांची ये-जा चालू असते. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख करून दिली ती टिळकांनीच. शिकविताना त्यांचा धीर वारंवार सुटे. ज्या मनुष्याने लिहायला शिकविले त्याच्याच वियोगाने ती विद्या फळाला आणली, हा योग विलक्षण आहे. वियोगाच्या दुःखातून लक्ष्मीबाईंची कविता जन्मली, हे सर्वज्ञात आहे. त्याहून महत्त्वाचे हे की, एकत्र असताना जे संभाषण या दांपत्यात होत नव्हते ते दूर गेल्यावर सुरू झाले. दोघांच्या नात्यातील खरी ओळख या पत्रव्यवहारात घडली असे म्हणण्यास जागा आहे.

पुढे लक्ष्मीबाई टिळकांकडे राहावयास गेल्या, त्या हिंदू म्हणून. हा मुद्दा ठळकपणे मांडला पाहिजे, कारण बहुतेक सारांशांत तो पुसट होतो. पुनर्मीलन आणि धर्मांतर या दोन घटना निराळ्या आहेत आणि त्यांच्यामध्ये अंतर आहे. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) मिशनच्या वातावरणात त्या आपले सोवळे घेऊन गेल्या. त्यांचे पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. टिळक स्वभावाने उतावळे व तापट. ग्रंथात त्यांच्या रागाचे अनेक प्रसंग आहेत. परंतु श्रद्धेच्या बाबतीत त्यांनी पत्नीवर सक्ती केली नाही. ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या घरात ब्राह्मणी पाण्याचे भांडे निराळे राहिले आणि ते भांडे घेऊनही घर एक राहिले. रूथच्या प्रतिज्ञेतील पहिल्या दोन पायऱ्या येथे पुऱ्या झाल्या. तिसरी-चौथी अजून पुढे होती.

पाण्याच्या या भांड्याला ग्रंथात पूर्वेतिहास आहे. ‘स्मृतिचित्रां’चा आरंभ लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याने होतो. १८५७ च्या धामधुमीनंतर घराण्यातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीला फाशी झाली; त्या आघाताने या गृहस्थांच्या मनाने जे घेतले ते पुढे आयुष्यभर सुटले नाही. दारात आलेली वस्तू धुतल्यावाचून आत जायची नाही. स्पर्शाच्या भयाने घरातील माणसे एकमेकांनाही पारखी झाली. लक्ष्मीबाई हे सर्व विनोदाने सांगतात आणि समीक्षकांनी त्या विनोदाची मनसोक्त दाद दिलेली आहे. ती रास्तच आहे. पण या विनोदाखालचा विचार भीषण आहे. येथे पाणी तोडते. जगाशी असलेला संबंध धुऊन काढण्यासाठीच जणू ते ओतले जाते. राजकीय दहशतीने घायाळ झालेले मन बाहेरच्या सर्व स्पर्शांना शत्रू समजू लागते, आणि शुद्धीचा आचार हा त्या एकटेपणाचा किल्ला होतो. रूढीवर टीका करणारे सुधारकी लेखन त्या काळी विपुल झाले. परंतु सोवळे हे एका दुखावलेल्या मनाचे आश्रयस्थानही असू शकते हे इतक्या स्पष्टपणे दाखविणारे लेखन विरळा.

या पार्श्वभूमीवर तो प्रसिद्ध निर्णय वाचावयास हवा. जातिभेद देवाने केला की माणसाने, या विचाराने लक्ष्मीबाईंच्या मनाला घेरले. भेद माणसाने केला असा कौल मनाने दिला. आणि यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी आपण घेऊ असे त्यांनी ठरविले. लक्षणीय असे की, हा विचार त्यांना ख्रिस्ताच्या दैवी स्वरूपाविषयीच्या निष्कर्षातून सुचलेला नाही. त्या वेळी त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. बाप्तिस्मा झाला तो १९०० साली. बाप्तिस्म्याच्या हकीकतीपेक्षा वाचकाच्या मनावर अधिक ठसतो तो त्याआधीचा पाण्याचा हा निर्णय. सोवळ्यात वाढलेल्या मुलीने दुसऱ्याच्या हातचे पाणी प्यायले तेव्हा मंडळीत तिचा खरा प्रवेश झाला. धर्मोपदेशकाच्या हातून डोक्यावर पडलेले पाणी ही त्याची नोंद होती.

ईश्वरविद्येच्या अभ्यासकाला हा क्रम खटकण्याचा संभव आहे. कृपा आधी, आचार नंतर, असे प्रॉटेस्टंट शिकवणुकीचे सांगणे. परंतु प्रेषितांच्या कृत्यांतील दहाव्या अध्यायाची रचना लक्ष्मीबाईंच्या बाजूची आहे. यापोच्या छपरावर पेत्राला शुद्धाशुद्ध प्राण्यांचा दृष्टान्त होतो. तो त्याचा अर्थ जुळवीत असतानाच विदेशी शताधिपतीचे निरोपे दारात येतात, आणि तो त्यांना घरात घेऊन रात्री ठेवून घेतो. दुसऱ्या दिवशी तो कर्नेल्याच्या घरी जातो. उपदेश, आत्म्याचे आगमन आणि बाप्तिस्मा हे सर्व त्यानंतरचे. उंबरठा प्रथम ओलांडला गेला, सिद्धान्त मागून आला. आणि तोच पेत्र पुढे अंत्युखियात, यरुशलेमची माणसे येताच विदेशी बांधवांच्या पंक्तीतून उठून वेगळा बसू लागला, तेव्हा पौलाने त्याची सर्वांसमक्ष कानउघाडणी केली. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातील नीतिमत्त्वाविषयीचा गहन विचार या पंक्तिभेदाच्या भांडणातून उगवला आहे. युरोपातील भाष्यकारांना या भांडणाची धग कल्पनेने जाणून घ्यावी लागते. ‘स्मृतिचित्रां’च्या वाचकाला ते करावे लागत नाही, पंक्तीतून उठणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगण्याची गरज नाही.

पाश्चात्त्य ख्रिस्ती वाङ्मयाशी तुलना केली असता लक्ष्मीबाईंच्या भूमिकेचा वेगळेपणा अधिक उठून दिसतो. संत ऑगस्टीनच्या आत्मनिवेदनाच्या चौथ्या भागात त्याच्या तारुण्यातील एका मित्राची कथा आहे. मित्र तापाने बेशुद्ध असताना त्याला बाप्तिस्मा दिला जातो. शुद्धीवर आल्यावर ऑगस्टीन त्या विधीची थट्टा करतो. ती थट्टा आपल्याबरोबर मित्रही करील अशी त्याची खात्री असते. मित्र त्याला झिडकारतो, आणि थोड्याच दिवसांत मरण पावतो. बाप्तिस्म्याने एका रात्रीत दोघे परके झाले, हा घाव टिळक दांपत्याच्या कथेच्या किती जवळचा आहे! परंतु ऑगस्टीन पुढे जो निष्कर्ष काढतो तो वेगळा. मर्त्य मनुष्यावर तो अमर असल्यासारखे प्रेम करणे हीच आपली चूक होती. मित्रावर प्रेम करावे ते ईश्वरामध्ये, म्हणजे तो हरवत नाही, असे तो म्हणतो. हा विचार उदात्त आहे, पण त्यात मित्र थोडा पातळ होतो. त्याचे नावसुद्धा ऑगस्टीन सांगत नाही. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात टिळक कधीही पातळ होत नाहीत. त्यांचा विसराळूपणा, त्यांचे अचानक निघून जाणे, घरखर्चाचे पैसे भलत्याच गरजवंताच्या हाती ठेवून रिकाम्या हाताने परतणे, हे सारे जसेच्या तसे आहे. ईश्वराच्या प्रकाशात त्यातील एकही कंगोरा वितळलेला नाही.

यातूनच एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि ग्रंथ तो टाळत नाही. टिळकांची भूतदया खरी होती. पण शेजाऱ्यावरील या प्रेमाची किंमत वारंवार जिने दिली ती शेजारीण नसून पत्नी होती. किर्केगॉरने १८४७ मधील प्रेमाविषयीच्या ग्रंथात आवडीनिवडीवर उभ्या असलेल्या प्रेमाबद्दल, म्हणजे मैत्री व प्रणय यांबद्दल, संशय व्यक्त केला. ख्रिस्ताने आज्ञापिलेले प्रेम कोणाचीही निवड करीत नाही, असे त्याचे म्हणणे. टिळकांच्या वागण्याला हा सिद्धान्त आधार देईल. लक्ष्मीबाईंचा ग्रंथ मात्र दाखवितो की, निवड न करणाऱ्या प्रेमाला पाठीशी चूल पेटती ठेवणारे कोणीतरी लागते, आणि त्या कोणाची तरी निवड झालेलीच असते. लक्ष्मीबाई तक्रार करतात, भांडतात, रुसतात. पण या सर्वांतून त्या हसण्याचे एक साधन तयार करतात. हा विनोद क्षमेचे काम करतो. ज्याला क्षमा केली त्याचा अपराध झाकून टाकणारी क्षमा निराळी आणि अपराध पुरता सांगून, त्यावर दोघांनी मिळून हसण्याजोगी जागा करणारी क्षमा निराळी. ‘स्मृतिचित्रां’तील क्षमा ही दुसऱ्या जातीची आहे. कलादृष्ट्या जो गुण म्हणून वाखाणला जातो त्याचे नैतिक कार्य असे आहे.

ग्रंथाची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे, कारण ती याच विषयाच्या पोटातील आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या नगर भागातील ख्रिस्ती समाज बहुसंख्येने महार व मांग या समाजांतून आलेला होता. टिळकांसारखी ब्राह्मण कुटुंबे त्यात अपवाद. लक्ष्मीबाईंनी ज्या हातांतून पाणी घेतले ते हात ग्रंथात दिसतात, पण ते देणाऱ्याच्या मनात त्या वेळी काय होते याचा आवाज क्वचित् ऐकू येतो. देणारा माणूस घरातील मूल, विद्यार्थी, मदतनीस किंवा मिशनमधील परिचित म्हणून येतो. सोबती म्हणून येतो असे प्रत्येक वेळी म्हणता येत नाही. उंबरठा ओलांडल्याचा निर्णय लक्ष्मीबाईंचा आहे, धैर्य त्यांचे आहे, आणि कथाही त्यांची आहे. पलीकडच्या बाजूने पाहिले असता हाच प्रसंग कसा दिसला असता, हे सांगणारे समकालीन स्मृतिचित्र त्याच्या तोडीचे उपलब्ध नाही. लेखिकेला यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल. आत्मचरित्र दुसऱ्याच्या डोळ्यांनी लिहिता येत नाही. परंतु पंगत पुरी झाली असे समजून ग्रंथ मिटणाऱ्या वाचकाने, पानावर कोणाकोणाची नावे नाहीत, हे पाहावे. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी संपन्न लोक आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, म्हणून पौलाने रागावून लिहिले, त्याचेही कारण हेच होते: एका छपराखाली जमल्याने मंडळी होत नाही.

टिळकांना स्वतःला ही उणीव जाणवत होती. मिशनच्या चौकटीतील देशी सेवक व विदेशी मिशनरी यांच्यातील अंतर, पगार आणि अधिकार यांनी बांधलेले संबंध त्यांना सलत. तुकारामादी संतांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते मानीत. ख्रिस्ताला त्यांनी आपल्या अभंगांतून माउली म्हणून आळविले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांचा हा बंधुसंघ व्हावयाचा होता. कल्पना धाडसी होती. अंतरीच्या नात्याला विधीची अट नसावी, असा तिचा आशय. आणि एका अर्थी टिळकांच्या घरात ती काही काळ प्रत्यक्षात आलेलीच होती, जेव्हा बाप्तिस्मा घेतलेला पती आणि न घेतलेली पत्नी एकत्र नांदत होती. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. जर्मन धर्मचिंतक डीट्रिख बोनहोफर याने १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सहजीवनावरील छोट्या ग्रंथात असा इशारा दिला आहे की, जो समुदायापेक्षा समुदायाच्या स्वप्नावर अधिक प्रेम करतो तो, हेतू कितीही शुद्ध असला तरी, समुदायाचा घात करतो. टिळकांच्या बाबतीत हा निकाल कठोर ठरेल. तथापि स्वप्न पाहणारे टिळक आणि समोरच्या माणसांना जेवू घालणाऱ्या लक्ष्मीबाई यांच्यातील फरक समजण्यासाठी तो उपयोगी आहे. ‘दरबार’ हा शब्दही पाहावा. दरबार भरवावा लागतो. मंडळी घरात असते.

या दांपत्याच्या सोबतीचा शेवटचा अध्याय ‘स्मृतिचित्रां’च्या बाहेर आहे. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याला आरंभ केला होता. त्यांच्या मृत्यूने ते अपुरे राहिले. त्यातील फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले, आणि ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. टिळकांची प्रकरणे व लक्ष्मीबाईंची प्रकरणे यांतील भाषेचा, छंदाच्या हाताळणीचा आणि विशेषतः भोजनप्रसंगांच्या वर्णनांचा तुलनात्मक अभ्यास पदव्युत्तर संशोधनाला योग्य असा विषय आहे. काना येथील लग्न, जकातदारांच्या घरची जेवणे, पाच हजारांची पंगत, माडीवरील शेवटचे भोजन आणि पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी कोळशांवर भाजलेली मासळी, ही शुभवर्तमानातील पाच पाने या दोन हातांपैकी कोणी कशी वाढली आहेत, हे त्या अभ्यासात पाहावे लागेल.